डिफ लॉकर आणि एक्सल रेशो: पहिल्यांदाच एक्सल उघडणाऱ्यांसाठी

थार, जिमनी, जिप्सी किंवा जुनी महिंद्रा जीप घेतली की पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी सांगतं, "लॉकर टाक." दुसरा म्हणतो, "आधी रेशो बदल, मग बघ कशी चढते." दोघंही खोटं बोलत नाहीत. लॉकर म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग. रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणारा दांडा) किती फेरे फिरतो तो आकडा. पण कोणत्या गाडीला, कोणत्या टायरवर आणि आधी काय नंतर काय, हे सांगायचं राहून जातं. मग आज लॉकर बसतो, सहा महिन्यांनी टायर मोठे होतात, गाडी दम टाकायला लागते आणि तोच एक्सल पुन्हा उघडावा लागतो. बेअरिंग, सील, शिम (मापाच्या पातळ चकत्या), मजुरी, सगळं दुसऱ्यांदा.

दोन्ही कामांना डिफ, म्हणजे एक्सलच्या मधलं डिफरन्शियल, बाहेर काढावाच लागतो. म्हणून टायर, रेशो आणि लॉकर या तिन्ही गोष्टी याच क्रमाने आधी कागदावर ठरवा आणि एक्सल एकदाच उघडा. हा लेख त्या कागदासाठी आहे.

१. गाडी आठवडाभर काय करते ते लिहा

रविवारी काय करते ते नको, ते सगळ्यांना पाठ असतं. सोमवार ते शनिवार गाडी कुठे जाते ते लिहा. रोज हिंजवडी-कोथरूड, महिन्यातून एकदा द्रुतगती मार्गाने मुंबई आणि पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला चिखल, अशी गाडी असेल तर तिची गरज वेगळी. शेतावर उभी राहणारी, काळ्या मातीतून ट्रॉली ओढणारी जीप वेगळी. आणि २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायचं असेल तर ती तिसरीच गोष्ट. तिथल्या गाड्या पाहून घरच्या गाडीचा बेत आखू नका. त्या ट्रेलरवरून येतात आणि बऱ्याचदा ट्रेलरवरूनच परत जातात.

जमीन कोणती तेही लिहा. कोकणातला तांबडा चिखल साबणासारखा असतो, तिथे चारही चाकांची पकड एकदम जाते. देशावरची काळी माती टायरच्या खाचांमध्ये भरून बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. सह्याद्रीतल्या ओढ्यांचे गोटे मात्र एखादं चाक हवेत उचलतात. लॉकरची खरी किंमत या तिसऱ्या ठिकाणी कळते. पहिल्या दोन ठिकाणी आधी टायर आणि टायरमधली हवा काम करते.

२. उघडं डिफ नेमकं कुठे अडतं

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम. साधं, म्हणजे उघडं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. "सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे जाते" असं म्हणतात, पण अडचण तिथे नाही. हवेतल्या चाकाला फिरायला जवळपास काहीच टॉर्क लागत नाही आणि डिफ दुसऱ्या चाकालाही तेवढाच देतं. खडकावर घट्ट टेकलेलं चाक त्यामुळे जागचं हलत नाही.

लॉकर दोन्ही हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) एकत्र बांधतो. मग एक चाक हवेत असलं तरी दुसरं त्याच वेगाने फिरणारच. याचीच दुसरी बाजू अशी की दोन्ही चाकं घसरत असतील तर लॉकर काही करत नाही. तो फक्त दोन्ही चाकं मिळून चिखल उडवतो.

३. एक्सलमध्ये आत्ता काय आहे ते मोजा

कंपनीच्या पुस्तिकेत रेशो दिलेला असतो. नवी गाडी असेल तर तो पुरे. जुनी किंवा हातबदल झालेली गाडी असेल तर पुस्तिकेवर विसंबू नका, स्वतः मोजा. जुन्या जीपमध्ये एक्सल इकडचे तिकडे झालेले असतात. विलीस एमबीचा रेशो ४.८८, सीजे-३बीचा ५.३८. दोन्हींची हाउसिंग (एक्सलची कवचं) बाहेरून पाहून नवख्याला काही कळत नाही.

मोजायची पद्धत अशी. सपाट जागा घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि एक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि सोबत्याला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक जमिनीवर धरलेलं असल्याने डिफ वेग निम्मा करतो, म्हणून दोन फेरे. शाफ्ट चार फेरे आणि वर जेमतेम दहावा हिस्सा फिरला तर रेशो ४.१० च्या आसपास. पाच फेऱ्यांना थोडं कमी पडलं तर ४.८८. अंदाज पक्का करायचा असेल तर चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागा.

चाक हाताने हलतच नसेल तर आत एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ) किंवा ऑटोमॅटिक लॉकर असू शकतो, दोन्हींबद्दल सहाव्या भागात. तेव्हा मागची दोन्ही चाकं उचला आणि ती सोबत एकच फेरा फिरवा.

पुढचा एक्सलही असाच मोजा. फ्री-व्हीलिंग हब (पुढचं चाक एक्सलपासून सोडवणारे) असतील तर आधी लॉक करा. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा निघाला तर ती गाडी फोर-बाय-फोरमध्ये टाकूच नका, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्ट एकमेकांना पिळतात. जुनी जीप विकत घेताना हीच तपासणी केली तर सौद्यात चांगलीच उपयोगी पडते.

४. टायर ठरवा, मग रेशो काढा

टायरवरच्या आकड्यांवरून व्यास काढता येतो. १९५/८० आर१५ म्हणजे १९५ मिमी रुंदी आणि त्याच्या ८० टक्के उंचीची भिंत. भिंत दोनदा धरायची आणि १५ इंचाचा रिम, म्हणजे ३८१ मिमी, मिळवायचा. १५६ दुप्पट ३१२, अधिक ३८१, झाले ६९३ मिमी. हा जिमनीचा मूळ टायर.

आता त्याच गाडीला २३५/७५ आर१५ घालायचा आहे असं धरू. त्याचा व्यास ७३३.५ मिमी. ७३३.५ भागिले ६९३ म्हणजे १.०५८. टायर ५.८ टक्के मोठा झाला. मॅन्युअल जिमनीचा एक्सल रेशो ४.०९० आहे, पण या टायरवर तो ३.८६ असल्यासारखा वागणार. जुनी ओढ परत हवी असेल तर

नवा रेशो = जुना रेशो × नवा व्यास ÷ जुना व्यास

म्हणजे ४.०९० × १.०५८ = ४.३३. ऑटोमॅटिक जिमनीचा रेशो ४.३०० आहे, या उत्तराच्या अगदी जवळ. असा कंपनीचाच क्राऊन-पिनियन (डिफमधलं मोठं आणि लहान दातेरी चाक, यांच्या दातांवरच रेशो ठरतो) मिळत असेल तर बाहेरच्या सेटच्या मागे लागण्याआधी पार्ट क्रमांक काढून तो जुळतो का हे विचारा. टायर चाकाच्या कमानीत घासतो का हेही स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून आधीच बघा. घासलं तर टायर बदलणार, आणि टायर बदलला की हा सगळा हिशेब पुन्हा.

आता तोच हिशेब हायवेवर करून बघा. मॅन्युअल जिमनीचा पाचवा गिअर १.००० आहे. १०० किमी वेगाला मूळ टायरवर इंजिन साधारण ३१३० आरपीएमवर असतं. मोठा टायर घालून रेशो तसाच ठेवला तर २९६० च्या आसपास. ४.३०० केला तर ३११०, म्हणजे होतो तिथेच. पण कुणाच्या सांगण्यावरून ४.८८ इतका रेशो घातला तर ३५३०. गावाबाहेरच्या चढावर छान वाटेल, पण घरचे मुंबईला पोचेपर्यंत गप्प बसणार नाहीत. पेट्रोल इंजिनाला थोडे जास्त आरपीएम सोसतात. खालच्या आरपीएमवरच टॉर्क देणाऱ्या डिझेलला मात्र विनाकारण मोठा आकडा देऊ नका.

माझं मत असं: टायरचा फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर रेशोला हात लावू नका. पाच ते दहाच्या मध्ये असाल तर लॉकरसाठी एक्सल उघडणारच आहात का, यावर ठरवा. दहाच्या वर गेलात तर रेशो बदलल्याशिवाय क्लच आणि तुमचा संयम दोन्ही झिजतील.

दोन सापळे. पहिला बोलण्याचा: गॅरेजमध्ये "लो रेशो" किंवा "हाय रेशो" म्हणू नका, प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. थेट आकडा सांगा, किंवा क्राऊन आणि पिनियनचे दात सांगा. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. दुसरा मजबुतीचा: आकडा वाढतो तसे पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होत जातो. ५.३८ मध्ये पिनियनला आठच दात असतात. छोट्या एक्सलवर मोठे टायर आणि मोठा आकडा दोन्ही लादले की पिनियन हीच सगळ्यात नाजूक जागा होते.

स्पीडोमीटर कुठून वेग घेतो तेही बघा. जुन्या गाड्यांत केबल ट्रान्सफर केसमधून येते, तिथे रेशो बदलला की काटा बदलतो. चाकाच्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत फक्त टायर बदलल्याने फरक पडतो. वरच्या उदाहरणात काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा ५.८ टक्के जास्त वेगात असेल.

५. क्रॉल रेशो बघा, कदाचित एक्सल उघडावाच लागणार नाही

गोट्यांमधून गाडी सरपटत न्यायची असेल तर कामाचा आकडा हा: पहिला गिअर × ट्रान्सफर केसचा लो × एक्सल. मॅन्युअल जिमनीत ४.४२५ × २.००२ × ४.०९०, म्हणजे ३६ च्या थोडं वर. ८०० आरपीएमवर ती ताशी सुमारे तीन किमीने सरकते. २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावात जुळणी होणाऱ्या रँग्लर रुबिकॉनचा हाच आकडा ७७ आहे, कारण तिचा ट्रान्सफर केस ४:१ चा आहे. दोन्हींच्या एक्सलचा रेशो जवळपास सारखाच, ४.०९ आणि ४.१०. फरक पहिल्या गिअरपेक्षा मुख्यतः ट्रान्सफर केसमध्ये.

म्हणून हायवेवर गाडी ठीक चालते आणि फक्त फोर-लोमध्ये (ट्रान्सफर केस लोवर असताना) वेग जास्त वाटतो अशी तक्रार असेल, तर तुमच्या गाडीसाठी ट्रान्सफर केसचे लो गिअर मिळतात का ते शोधा. हायवेचे आरपीएम तसेच राहतात आणि दोन एक्सलऐवजी एकच पेटी उघडते. जिप्सीवाल्यांना यात आणखी एक सोय आहे. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा आहे आणि त्याचा हायसुद्धा १:१ नाही, त्यातही रिडक्शन आहे. त्यामुळे तिथले गिअर बदलून मोठ्या टायरची भरपाई आणि लो, दोन्ही एका कामात साधतात. जिप्सीला मोठे टायर घालणाऱ्याने क्राऊन-पिनियनची चौकशी करण्याआधी ही करावी.

६. लॉकरचा प्रकार निवडा

इथे घाई करू नका. दुकानदाराकडे जो शिल्लक असतो तोच बहुधा "सगळ्यात भारी" असतो.

ब्रेकवर चालणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, त्यामुळे दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो. जिमनीत हीच आहे. सुटे भाग नाहीत, वेगळा खर्च नाही. पण ती काम करायला चाक आधी घसरावं लागतं, म्हणून एकसारखा ॲक्सिलरेटर धरून थोडा धीर धरावा लागतो. नवखे चालक नेमके याच क्षणी पाय काढतात आणि "काही होत नाही" म्हणतात. हे नीट शिकलात तर पहिलं वर्षभर लॉकरची गरज भासणार नाही.

एलएसडी. क्लचच्या चकत्यांची किंवा गिअरची. रस्त्यावर गुण चांगला, ओल्या घाटात त्रास नाही. पण चाक पूर्ण हवेत गेलं की दोन्ही प्रकार जवळपास हात टेकतात, विशेषतः गिअरचा. थोडा ब्रेक दाबून त्याला फसवता येतं. चकत्यांच्या एलएसडीला ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, ट्रूट्रॅकसारख्या गिअरच्या एलएसडीला तो घालायचा नसतो. ऑइल बदलताना हे गॅरेजवाल्याला आठवणीने सांगा.

मेकॅनिकल लॉकिंग डिफ. थारमध्ये मागे कंपनीकडून येतं ते ईटनचं. रोज ते उघड्या डिफसारखंच वागतं. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतली यंत्रणा झटक्यात लॉक होते आणि ताशी तीसेक किमीच्या वर ती लॉक होत नाही. बटण नाही, लीव्हर नाही, त्यामुळे बरेच थारवाले आपल्या गाडीत लॉकर आहे हे ऐकून चकित होतात. याला आरपीएमचा फरक हवा असतो, म्हणून अगदी हळू ॲक्सिलरेटर दिला तर ते जागं होत नाही, आणि धाडकन दाबला तर मोठ्या आवाजासह लॉक होऊन हाफ शाफ्टला हिसका बसतो. चाक फिरायला लागलं की पाय स्थिर ठेवा, थोडा वाढवा, "खट्" ऐकू आलं की तिथेच धरा. गाडी पुढे सरकेल. तुमच्या थारच्या प्रकारात हे आहे की ब्रेकवालं, ते मात्र कागदावर तपासा, सगळ्या प्रकारांत एकच नसतं.

ऑटोमॅटिक लॉकर. डेट्रॉइट लॉकर किंवा स्पायडर गिअरच्या (डिफमधल्या छोट्या दातेरी चाकांच्या) जागी बसणारे छोटे संच. हे कायम लॉक असतात आणि वळताना बाहेरचं चाक सोडतात. स्वस्तातला मोह इथेच असतो, कारण छोटा संच जुन्याच कॅरियरमध्ये (क्राऊन ज्यावर बसतो त्या डिफच्या सांगाड्यात) बसतो आणि क्राऊन-पिनियनला धक्का लागत नाही. शेतावरच्या किंवा फक्त ऑफरोडच्या जीपला मी तो सुचवेन. रोज घाट उतरणाऱ्या, आखूड व्हीलबेसच्या गाडीच्या मागच्या एक्सलला नाही. वळणावर पाय काढला की गाडी बाजूला सरकते, पुन्हा दिला की उलट सरकते. कोरड्या रस्त्यावर सवय होते, आषाढातल्या ओल्या घाटात सवय व्हायला वेळ मिळत नाही.

बटणाचा लॉकर. हवेवर चालणारा एआरबीचा, विजेवर चालणारा ईटनचा, किंवा कंपनीकडूनच आलेला. टोयोटा हायलक्सला मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर-बाय-फोरलाही आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक घेऊन येते, फक्त ते बटणाऐवजी लीव्हरने लागतात. तुमच्या यादीत लॉकर पहिल्या क्रमांकावर असेल आणि गाडी अजून घ्यायची असेल, तर गुरखा चालवून बघितल्याशिवाय दुसऱ्या गाडीचं बुकिंग करू नका.

बटणाचा लॉकर बंद असताना साधं डिफ, चालू केल्यावर शंभर टक्के लॉक. रोजच्या गाडीसाठी माझी पसंती यालाच. हवेच्या लॉकरला कॉम्प्रेसर लागतो, पण तोच टायरमध्ये हवा भरायलाही उपयोगी येतो, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही. त्याची दुखरी जागा म्हणजे हवेची बारीक नळी. ती एक्झॉस्टजवळून नेली की वितळते, एक्सलवर ढिली सोडली की झुडपात अडकून तुटते. नळी बसवताना स्वतः उभे राहा. विजेच्या लॉकरला नळी नाही, पण वायरचा जोड चिखल-पाण्यात राहतो, तिथे चांगला वॉटरप्रूफ कनेक्टर हवा.

स्पूल (दोन्ही चाकं कायमची जोडणारा भाग), किंवा डिफ वेल्ड करून टाकणं. स्पर्धेची गाडी असेल तर तुम्हाला हा लेख लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीला करू नका.

७. पुढे, मागे की दोन्ही

एकच घ्यायचा असेल तर मागे. चढावर वजन मागे जातं, म्हणून तिथेच तो जास्त कामाला येतो, आणि स्टिअरिंगवर त्याचा परिणाम थोडा असतो.

पुढचा लॉकर चालू असताना गाडी वळायला मागत नाही आणि स्टिअरिंग जड होतं. पूर्ण वळवलेलं चाक, लॉक केलेला पुढचा एक्सल आणि दाबलेला ॲक्सिलरेटर, हे तिन्ही एकत्र आले की जिप्सी-जिमनीसारख्या गाडीत पुढच्या चाकाजवळचा जॉइंट तुटतो. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे हा ताण सीव्ही जॉइंटवर येतो. पुढचा घ्यायचाच असेल तर बटणाचाच घ्या.

आडव्या उतारावरचा धोका कुणी फारसा सांगत नाही. वाट एका बाजूला कलती आहे, वर चिखल आहे, अशा जागी उघड्या डिफचं एक चाक घसरलं तरी दुसरं फारसं फिरत नाही आणि गाडीला बाजूने धरून ठेवतं. लॉक केलं की दोन्ही फिरतात, दोन्हींची बाजूची पकड जाते आणि गाडीचं बूड दरीच्या बाजूला सरकायला लागतं. कलत्या वाटेवर लॉकर बंद ठेवा. ऑटोमॅटिक लॉकरवाल्यांना ही सोय नाही, हे निवडतानाच लक्षात घ्या.

८. ऑर्डर देण्याआधी जुळवाजुळव

चार गोष्टी लेखी जुळवा.

दोन्ही एक्सलचा रेशो एकच. मागचा सेट आज आणि पुढचा दिवाळीनंतर, असं करणार असाल तर मधल्या काळात फोर-बाय-फोर वापरता येणार नाही. अगदी ऐन मोसमात.

कॅरियरची मर्यादा. ठरावीक रेशोपलीकडे क्राऊन वेगळ्या जाडीचा असतो आणि त्याला वेगळा कॅरियर लागतो. डाना ४४ या जीपच्या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक, ३.९२ पासून दुसरा. लॉकर म्हणजे बहुतेकदा पूर्ण कॅरियरच असतो, म्हणून आधी लॉकर आणि मग रेशो ठरवणाऱ्याचा लॉकर नव्या क्राऊनला बसत नाही. सगळ्यात महाग चूक हीच.

हाफ शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकावरचे दात. एक शाफ्ट ओढून दात मोजा. वर्षानुसार बदललेले असतात.

बेअरिंगचे क्रमांक. लॉकरला मूळ बेअरिंग चालतात की वेगळे लागतात ते विचारा.

सोबत हे कागद जवळ ठेवा: आरसी, चासिस क्रमांकावरून काढलेला एक्सलचा पार्ट क्रमांक, वॉरंटीची पुस्तिका, विमा पॉलिसी, आणि विक्रेत्याकडून सगळ्या पार्टच्या क्रमांकांसह पक्कं बिल. लॉकर बाहेरून येणार असेल तर भाव विचारताना सीमाशुल्क आणि वाहतूक धरून घरपोच किती, हेच विचारा. नुसत्या डॉलरमधल्या किमतीवर बेत करू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर डिफ उघडल्यावर त्या भागाची वॉरंटी गेली असं समजूनच चाला. आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. लॉकर हाउसिंगच्या आत असतो, पण बाहेर आलेले मोठे टायर लांबून दिसतात. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

९. गॅरेज निवडा

क्राऊन-पिनियन बसवणं म्हणजे बोल्ट आवळणं नाही. पिनियन किती आत बसतो, त्याच्या बेअरिंगवर किती ताण आहे, क्राऊन आणि पिनियनच्या दातांत किती मोकळीक आहे आणि दात कुठे टेकतात, ही चार मापं जमली तर काम जमलं. मोकळीक बहुतेक गाड्यांत ०.१५ ते ०.२५ मिमीच्या घरात असते. तुमच्या सेटसोबत आलेला कागद जो आकडा देईल तोच धरा.

गॅरेज पारखायला एकच प्रश्न पुरतो: "डायल गेज आहे का?" "हाताला कळतं" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. चांगला मेकॅनिक दातांना पिवळा किंवा निळा रंग लावतो, क्राऊन दोन्ही बाजूंनी फिरवतो आणि उमटलेला डाग बघतो. डाग दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी सरकला की डिफ पुन्हा बाहेर, शिम बदल, पुन्हा रंग. हे तीन-चारदा होतं आणि व्हायलाच हवं. शेवटच्या डागाचा फोटो मागून घ्या, पुढे आवाज आला तर तोच पुरावा.

साहित्यात हे असायला हवं: डायल गेज, टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, प्रेस, शिमचा संच, मार्किंग रंग, नवी बेअरिंगं, नवे सील, नवी क्रश स्लीव्ह, क्राऊनचे नवे बोल्ट आणि थ्रेड लॉक. क्रश स्लीव्ह ही पिनियनच्या बेअरिंगवरचा ताण ठरवणारी, एकदाच दबणारी नळी असते, जुनी पुन्हा वापरू देऊ नका. बेअरिंगच्या पैशात काटकसर करणाऱ्याला हा एक्सल पुन्हा उघडावा लागतो.

एक्सल उघडाच आहे तर ब्रीदरची (एक्सलमधल्या हवेला ये-जा करू देणारी) नळी बदलून ती बोनेटच्या उंचीपर्यंत वर न्या. गरम डिफ ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधी दिसलं की समजायचं.

१०. पहिले आठशे किलोमीटर

नवे दात एकमेकांवर बसेपर्यंत खूप तापतात. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलकी चालवा आणि गाडी पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. त्यानंतर आठशे किलोमीटरपर्यंत ओझं ओढायचं नाही, एका वेगावर तासन्‌तास पळवायचं नाही, लॉकरची परीक्षा घ्यायची नाही. मग ऑइल बदला. ऑइल जीएल-५ दर्जाचं, घट्टपणा सेटच्या कागदात सांगितलेला. पहिल्या ऑइलमध्ये बारीक चंदेरी पूड दिसते, ती चालते. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गाडी तिथेच थांबवा.

आवाज ऐकायची सवय करा. ॲक्सिलरेटर दिल्यावर घूं आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट, तर दातांची बैठक चुकली आहे. वेगाबरोबर सतत वाढणारी घरघर बहुधा बेअरिंगची. दोन्ही वेळा लगेच गॅरेज गाठा, "बसेल हळूहळू" हे ऐकून घेऊ नका.

११. लॉकर वापरायचा क्रम

अडथळ्यात अडकल्यावर शोधायचं बटण ते नव्हे. अडथळा दिसला की थांबा, फोर-लो टाका, मागचा लॉक करा, मग चढा. चाकं वेगाने फिरत असताना लॉक केलं तर दात तुटायची भीती असते. मागच्याने भागलं नाही तर पुढचा, तोही स्टिअरिंग सरळ असताना. अडथळा पार झाला की आधी पुढचा बंद, मग मागचा. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझला नाही तर थोडं मागे-पुढे करा, अडकलेले दात मोकळे होतात. डांबरावर येण्याआधी दोन्ही दिवे विझलेत हे बघा.

पहिला सराव खासगी रानात, मालकाला विचारून करा. वनखात्याची जमीन आणि समुद्रकिनारा यांच्या नादी लागू नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि कोकणातही गुन्हे नोंदवले जातात. शिवाय भरतीच्या ओल्या वाळूत एक्सलपर्यंत रुतलेल्या गाडीला कोणताच लॉकर बाहेर काढत नाही, त्याला दुसरी गाडी आणि चांगला पट्टा लागतो. तो पट्टा आणि गाडीला पक्के हुक, हे दोन्ही लॉकरच्या आधी घ्या.